आधी खातं उघडा, मग शोधा

(दृश्य : अंधाऱ्या खोलीत फोनचा उजेड. टाइप करणारी बोटं. चेहरा दिसत नाही.)

जे घरात बोलता येत नाही, ते माणूस सर्चच्या चौकटीत लिहितो. छातीत डाव्या बाजूला दुखतंय, काय असेल? हप्ते थकले तर घरावर जप्ती येते का? वडिलांच्या नावची जमीन भावाने परस्पर विकली, दावा कुठे लावायचा? डॉक्टर, वकील, सख्खा मित्र, यांच्यापर्यंत जाण्याआधी हे प्रश्न त्या रिकाम्या चौकटीत जातात. आणि बहुतेक ठिकाणी त्यांची नोंद राहते.

अशी नोंद किती बोलकी असते, हे २००६ च्या ऑगस्टमध्ये जगाला दिसलं. एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून आपल्या सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध खुले केले. नावं काढलेली होती, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिलेला होता. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातल्या एका क्रमांकामागची वृद्ध बाई शोधून काढली. तिने गावातले बागकाम करणारे शोधले होते, आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती, बोटांच्या बधिरपणावर उपाय शोधला होता. तेवढं पुरलं.

‘आम्ही नोंद ठेवत नाही’ असं सांगणाऱ्या सर्च इंजिनांची गरज इथे आहे. गरज खरी आहे आणि ती भागवण्याचे प्रयत्नही प्रामाणिक आहेत, असं मला वाटतं. तरीही यातल्या काहींच्या दारात माणूस येतो, दोन मिनिटं उभा राहतो आणि परत जातो. ते का, हे या फिल्ममध्ये पाहायचं आहे.

(दृश्य : कॅलिफोर्निया. उन्हातल्या रुंद रस्त्यांवरून जाणारा कॅमेरा.)

श्रीधर रामस्वामी. आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत डॉक्टरेट, आणि मग गूगलमध्ये पंधरा वर्षांहून जास्त काळ. शेवटी तर गूगलचा सगळा जाहिरात व्यवसाय त्यांच्या हाताखाली होता. सर्चमधून पैसा कसा निघतो, हे त्यांच्याइतकं आतून पाहिलेली माणसं जगात मोजकीच असतील. २०१८ मध्ये ते बाहेर पडले. २०१९ मध्ये, यूट्यूबच्या कमाईची बाजू सांभाळलेल्या विवेक रघुनाथन यांच्यासोबत त्यांनी नवी कंपनी काढली : नीव्हा.

विचार साधा होता. जाहिरात नाही, पाळत नाही. सर्च चांगलं हवं असेल तर वापरणाऱ्याने त्याचे पैसे द्यावेत. सिकोया आणि ग्रेलॉकसारखे नामांकित गुंतवणूकदार मागे उभे राहिले. २०२१ च्या जूनमध्ये नीव्हा अमेरिकेत सगळ्यांसाठी खुलं झालं. वर्गणी महिन्याला ४.९५ डॉलर.

आता नव्या माणसाच्या जागी जाऊन बघा. गूगलच्या पाळतीला कंटाळून तुम्ही नीव्हाच्या पानावर येता. काहीतरी शोधून पाहू, जमलं तर राहू, एवढाच विचार. पण सुरुवातीच्या नीव्हामध्ये शोधण्याआधी खातं लागायचं. खातं म्हणजे ईमेल. मग ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका. एक्स्टेन्शन टाकताना ब्राउझर इशारा देतो की याला तुमच्या पानांवरची माहिती वाचता येईल. पुढे, तुमचं ईमेल, कॅलेंडर, ड्रॉपबॉक्स जोडा म्हणजे त्यातलंही शोधून देऊ.

यातल्या प्रत्येक मागणीला कारण होतं. वर्गणी घ्यायची तर खातं हवंच. ब्राउझरची सेटिंग बदलायची तर एक्स्टेन्शन हाच सरळ मार्ग. खासगी कागदपत्रांमधला शोध ही खरोखर उपयोगी सोय. पण समोरच्या माणसाला कारणं दिसत नाहीत. त्याला दिसतो तो क्रम. खासगीपणाचं वचन, त्याखाली ईमेलची चौकट, त्याखाली परवानग्यांची रांग. अजून त्याने एकही शब्द शोधलेला नाही आणि देणं मात्र सुरू झालंय. शिवाय इथे येणारा माणूस मुळातच सावध. सावध नसता तर तो आलाच नसता.

(दृश्य : काळ्या पडद्यावर तारीख : २० मे २०२३.)

२०२३ च्या मे महिन्यात संस्थापकांनी सांगितलं की लोकांसाठीचं नीव्हा सर्च बंद होतंय. २ जूनला ते बंद झालं. उरलेल्या वर्गणीचे पैसे परत मिळाले, वापरकर्त्यांचा डेटा पुसला जाईल असं सांगितलं गेलं. कंपनी स्नोफ्लेक या डेटा-सेवेच्या कंपनीने विकत घेतली. रामस्वामी पुढे त्याच स्नोफ्लेकचे प्रमुख झाले.

त्या निरोपात संस्थापकांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, आणि माझ्या मते या विषयातली ती सगळ्यात महत्त्वाची साक्ष आहे. चांगल्या सर्चसाठी लोकांना पैसे द्यायला राजी करणं तुलनेने सोपं गेलं. त्याहून अवघड होतं ते त्यांना नवं सर्च इंजिन एकदा वापरून पाहायला लावणं.

म्हणजे दुकान चाललं नाही ते मालामुळे नाही, किमतीमुळेही नाही. गिऱ्हाईक उंबऱ्याच्या आत येईना.

(दृश्य : वॉशिंग्टन. न्यायालयाची इमारत. पायऱ्यांवर कॅमेरे घेतलेले बातमीदार.)

उंबऱ्याबाहेर कोण अडवत होतं? त्याचं उत्तर अमेरिकेच्या न्यायालयात शपथेवर दिलं गेलं. गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ‘नोंद ठेवत नाही’ म्हणणाऱ्या डकडकगो या सर्च इंजिनाचे संस्थापक गॅब्रिएल वाइनबर्ग यांची साक्ष झाली. सगळ्या उपकरणांवरचं डीफॉल्ट सर्च, म्हणजे आपोआप उघडणारं इंजिन, बदलायचं तर माणसाला तीस ते पन्नास पायऱ्या पार कराव्या लागतात, असं त्यांनी सांगितलं. रामस्वामींनीही साक्ष दिली. डीफॉल्टची जागा मिळवण्यासाठी गूगलने २०२१ या एकाच वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले, हा आकडा याच खटल्यात उघड झाला. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला : गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली.

छोट्या इंजिनांच्या आग्रहाचं मूळ इथे आहे. चुकून कुणी दारात आलंच, तर तो माणूस पुन्हा येईल याची काही खात्री नसते. त्याने ब्राउझर बंद करून उघडला की वर पुन्हा गूगलच. म्हणून त्या एका भेटीत सगळं उरकायची घाई होते. आम्हाला डीफॉल्ट करा, एक्स्टेन्शन घ्या, ॲप घ्या. आणि क्रोममध्ये तुम्ही तसं एक्स्टेन्शन घेतलंत, तर क्रोमही विचारतो : परत गूगलवर जायचं का? दोघांच्या ओढाताणीत बटणं दाबत बसतो तो वापरणारा माणूस.

हे समजून घेतलं पाहिजे. पण समजून घेतल्यानंतरही मला हा आग्रह चुकीचाच वाटतो. गूगलकडे डीफॉल्टची जागा आहे. तुमचा विश्वास असो नसो, लोक तिथे पोचतातच. नव्या इंजिनाकडे विश्वास सोडून दुसरं भांडवल नाही, आणि पहिल्याच पानावर ते खर्ची पडतंय.

(दृश्य : डकडकगोचं मुख्य पान. मधोमध चौकट.)

डकडकगो २००८ पासून आहे. खातं मागत नाही. चौकट दिसते, लिहायचं, उत्तर मिळतं. जाहिरात असते, पण ती तुम्ही त्या क्षणी जे शोधलंत त्यावर ठरते. इंग्लंडमधलं मोजीकही तसंच; वेबपानांची स्वतःची सूची बांधतं आणि शोधायला काही मागत नाही. या दोघांनी इतकी वर्षं काढली, त्यात या उघड्या दाराचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

पण इथेही एक पेच आहे. डकडकगोच्या पानावर ‘आमचं ब्राउझर घ्या’, ‘आम्हाला जोडून घ्या’ अशा सूचना येतात. सेटिंगमध्ये त्या बंद करता येतात. ती निवड साठते कुकी नावाच्या छोट्या नोंदीत, तुमच्याच ब्राउझरात, कारण तुमचं खातं नाही आणि ते तुम्हाला ओळखत नाहीत. आता खासगीपणाची सर्वात जास्त काळजी घेणारा माणूस काय करतो? ब्राउझर बंद करताना कुकी पुसतो. दुसऱ्या दिवशी त्याला तीच सूचना पुन्हा. तुमचा नकार लक्षात ठेवायचा तर तुमची काहीतरी खूण ठेवावी लागते. डकडकगोने त्यावर वाट काढली आहे : सेटिंग थेट पत्त्यातच लिहून तो पत्ता साठवून ठेवता येतो. तांत्रिक माणसाला हे जमतं. इतरांनी काय करायचं? मला विचाराल तर ओळख न ठेवणाऱ्याने आग्रहच करू नये. पानाच्या तळाशी एक ओळ ठेवावी. ज्याला हवं तो वाचेल.

(दृश्य : बर्लिन, म्युनिक. जुनं फुटेज. फायरफॉक्सचं चिन्ह.)

आग्रहाच्याही पुढची पायरी म्हणजे न विचारता करणं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने जर्मनीत एक प्रयोग जाहीर केला. फायरफॉक्स उतरवून घेणाऱ्यांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांना क्लिक्झ हे सर्चचं जोडकाम (एक्स्टेन्शन) आधीच घातलेलं मिळणार होतं. क्लिक्झ म्युनिकची कंपनी, बुर्डा या प्रकाशनसमूहाची. मोझिलाचीही तिच्यात गुंतवणूक होती. या जोडकामातून वापरणाऱ्याने कुठली पानं उघडली, हेही जाणार होतं. माहिती ओळख पुसून जाईल अशी हमी दिली होती आणि क्लिक्झचं तंत्र त्या दृष्टीने खरोखर विचारपूर्वक बांधलेलं होतं. लोक तरीही चिडले. क्लिक्झ २०२० मध्ये बंद पडलं. तिथल्या मंडळींनी बांधलेलं टेलकॅट हे इंजिन २०२१ च्या मार्चमध्ये ब्रेव्ह या ब्राउझरच्या कंपनीने घेतलं. आजचं ब्रेव्ह सर्च त्यातूनच उभं आहे.

आणि ब्रेव्ह? २०२० च्या जूनमध्ये दिसून आलं की पत्त्याच्या चौकटीत एका क्रिप्टो बाजाराचा पत्ता टाइप केला, की ब्रेव्ह त्याच्या शेपटाला स्वतःचा कमिशनचा कोड जोडतंय. प्रमुख ब्रेंडन आइक यांनी चूक कबूल केली, वर्तन बदललं. २०२२ च्या मे महिन्यात डकडकगोची पाळी. त्यांच्या मोबाइल ब्राउझरमध्ये इतरांचे ट्रॅकर, म्हणजे पाळत ठेवणारे कोड, अडवले जात होते, मायक्रोसॉफ्टचे काही मात्र सुटत होते. कारण डकडकगोचे निकाल मोठ्या प्रमाणावर मायक्रोसॉफ्टच्याच बिंग या इंजिनाकडून येतात आणि त्यासाठीच्या कराराची अट तशी होती. सर्चमध्ये गळती नव्हती, ब्राउझरमध्ये होती. ऑगस्टमध्ये त्यांनी ती वाट बरीचशी बंद केली. पण बाहेरच्या संशोधकाने दाखवेपर्यंत हा अपवाद लोकांना ठळकपणे सांगितला गेला नव्हता, आणि लोकांना लागलं ते हेच.

(दृश्य : कागदावर आकृती काढणारा हात. लिफाफे, शिक्के.)

मग पैसे घेणाऱ्या इंजिनाने काय करावं? त्याला खातं टाळता येत नाही. कागी हे असं इंजिन. जाहिरात नाही, वर्गणी आहे, आणि शोधण्यासाठी लॉगिन लागतं. पहिले शंभर शोध फुकट, पण खातं हवंच. साहजिक शंका येते : लॉगिन असताना माझा शोध माझ्या नावाशी जोडला जात नाही, हे मी कशावरून मानायचं? बरीच वर्षं याचं उत्तर एकच होतं : आमच्यावर विश्वास ठेवा.

२०२५ च्या फेब्रुवारीत कागीने प्रायव्हसी पास आणला. तुमचा ब्राउझर कागीकडून टोकनांचा, म्हणजे डिजिटल कुपनांचा, गठ्ठा घेतो. टोकन देताना कागी बघतं की तुमची वर्गणी भरलेली आहे, पण त्यावर सही करताना टोकन झाकलेलं असतं. पुढे शोधताना ब्राउझर त्यातलं एक टोकन पुढे करतो. सही आपलीच आहे, हे कागीला पटतं. टोकन कुणाला दिलं होतं, हे मात्र त्याला कळू शकत नाही. ही झाकून सही करण्याची कल्पना डेव्हिड चॉम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती. याची किंमतही आहे : तुम्ही स्वतःसाठी केलेल्या आवडीनिवडी अशा शोधात बऱ्याच अंशी गळून पडतात. मला हा सौदा रास्त वाटतो. वचन मोडता येतं. हे मोडायला गणित मोडावं लागेल.

(दृश्य : मुंबई, लोकल. फोनमध्ये वाकलेली माणसं.)

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि सांगितलं की अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायची मुभा द्या. पुढच्या जानेवारीत गूगलने ते मान्य केलं. म्हणजे छोट्यांना उंबऱ्यापर्यंतची वाट थोडी मोकळी झाली, आणि एकाच भेटीत सगळं पदरात पाडून घेण्याची सबब तेवढी कमी झाली.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेबसाइट आणि ॲपवरच्या फसव्या रचनांविरुद्ध नियम काढले. त्यात तेरा प्रकार आहेत. पुन्हा पुन्हा तगादा लावणं हा त्यातला एक, नको असलेलं काम माणसाकडून करवून घेणं हा दुसरा. त्याच वर्षीचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच्या पुढे जातो. संमती मोकळेपणाने दिलेली आणि बिनशर्त असली पाहिजे. ती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आणि डेटा कशासाठी घेतोय हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. त्यात मराठी आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले. यातली मुख्य बंधनं लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. आम्ही खासगीपणा जपणारे आहोत, असं म्हणून कुठल्याही इंजिनाला यातून सूट मिळणार नाही.