अप्पांचं लंडन

श्रोतेहो, नमस्कार.

मे-जून आला की लंडनमधल्या मराठी घरांत आईवडिलांच्या बॅगा उतरायला लागतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आधी फडताळात जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून दर्शन सुरू होतं. लंडन आय, टॉवर ब्रिज, राजवाड्यासमोरचे पहारेकरी, मेणाचे पुतळे. आठवड्याभरात यादी संपते. मग वडील सोफ्यावर बसून विचारतात, "आता काय?"

माझं म्हणणं असं, की शहर दाखवण्याआधी आपल्या माणसानं जन्मभर काम काय केलं ते बघावं. शिवणकाम केलेल्या आईला राजवाडा दाखवून काय उपयोग? तिला कापडाच्या दुकानांत सोडा. दुपार तिथेच जाईल, आणि भाव ऐकून ती जे बोलेल ते ऐकण्यासारखं असेल.

आमचे अप्पा सातारा डेपोत कंडक्टर होते. अख्खी नोकरी एसटीत. त्यामुळे आम्ही लंडन बघितलं ते बसमधून, आणि बऱ्याच वेळा लंडन बाजूला ठेवून नुसती बसच बघितली.

चोवीस नंबरची गाडी हॅम्पस्टेड हीथहून निघते. कॅम्डन, ट्रफाल्गर स्क्वेअर, पार्लमेंट असं करत पिम्लिकोला जाते. पर्यटकांच्या उघड्या बसला जे दाखवायचे भरपूर पैसे पडतात, त्यातलं बरंचसं या साध्या गाडीत दिसतं. अप्पा आले तेव्हा बसचं भाडं होतं पावणेदोन पौंड. पुढच्या स्टॉपला उतरा नाहीतर शेवटच्या, तेवढंच. पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस धरली तर वेगळे पैसे नाहीत. दर सहा किलोमीटरच्या टप्प्यागणिक भाडं मोजण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे पचेना. "टप्पाच न्हाई? मग हिशेब कशाचा करायचा?"

हिशेब करायला माणूसही नाही म्हटल्यावर ते गप्प झाले. २०१४ पासून इथल्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. ड्रायव्हर एकटाच, तोही काचेआड.

वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेजवळची जागा मी धावत जाऊन पकडायचे. अप्पा खालीच. गुडघ्यांमुळे, असं मला वाटलं होतं. पण बसायला जागा असूनही ते उभे. पाय थोडे फाकवून, पाठ खांबाला टेकवून, दोन्ही हात मोकळे. गाडी वळली की कमरेतून जरासे झुकायचे, पुन्हा सरळ. शेजारी तरुण मुलं दांडीला लोंबकळत होती. दाराशी गर्दी झाली तेव्हा अप्पांच्या तोंडून आपोआप निघालं, "चला, पुढं सरका!" आणि लोक सरकले हो. मराठी कुणाला कळलं असेल असं नाही, आवाजातली जरब कळली असेल.

एकदा गाडी स्टॉपवर थांबून राहिली. गाड्यांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून थोडं थांबतोय, अशी घोषणा झाली. सगळ्यांनी सुस्कारे सोडले, मीही घड्याळ बघितलं. अप्पा मात्र खूश. "बरोबर हाय. मागची गाडी लांब आसंल. हिला सोडली तर मधी भगदाड पडतंय, आन मग मागच्या गाडीवर सगळं पब्लिक. कंट्रोलर शहाणा हाय हितला." इतकी वर्षं मी त्या घोषणेवर वैतागत आलेय. तिच्यामागचं गणित मला सातारा डेपोनं समजावलं.

आता थोडं कामाचं. वडिलांना त्यांचं स्वतःचं ऑयस्टर कार्ड, म्हणजे बस-रेल्वेचं भाडं भरायचं कार्ड, काढून द्या. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, आणि आपलं कार्ड आपल्या खिशात असलं की माणूस एकटा बाहेर पडायला धजतो. भुयारी रेल्वे १८६३ सालची, तेव्हा जिने असणारच हे गृहीत धरा. पुष्कळ स्टेशनांत लिफ्ट नाही. आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे घरातून निघतानाच ठरवा. मोठी संग्रहालयं त्यासाठी उत्तम. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, आत जायला फुकट.

कॉव्हेंट गार्डनच्या जुन्या फुलबाजारात ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, तिथे मात्र तिकीट लागतं. ते खुशाल काढा. १८२९ साली पॅडिंग्टन ते बँक धावलेल्या घोड्यांच्या बसची प्रतिकृती तिथे आहे. २००५ मध्ये रोजच्या सेवेतून गेलेली रूटमास्टर ही जुनी दुमजली बसही आहे, मागून उघडी, कंडक्टरवाली. अप्पा अडकले ते गिब्सन यंत्रापाशी. कंडक्टरनं पोटावर बांधायचं, बाजूचा दांडा फिरवायचा, की तिकीट छापून बाहेर. "आन आमी ट्रे घिऊन पंच मारत बसलो," असं म्हणत त्यांनी चारी बाजूंनी ते न्याहाळलं.

तिथले एक स्वयंसेवक आजोबा पूर्वी कंडक्टर होते. मी दुभाषी झाले. अप्पांचा पहिला प्रश्न, "कॅश कमी भरली तर खिशातनं?" आजोबा हसले, म्हणाले, हो तर! मग घंटीवर आले. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. लंडनलाही तेच, साताऱ्यालाही तेच. त्यानंतर दोघांना माझी फारशी गरज राहिली नाही.

बाकी दर्शन थोडक्यात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ मध्ये उसनी म्हणून साताऱ्यालाच गेली होती. अप्पांनी ती घरबसल्या पाहिली, त्यामुळे ती रांग वाचली. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात राहिले. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं घेतलं. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. तिथे मात्र अप्पा चपला काढून गेले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

पुढे पुढे ते एकटेच जायला लागले. एका दुपारी घरी आले ते उत्साहात. "आगं, चेकिंग आलं हुतं!" तपासनिसांनी गाडीत चढून प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावून पाहिलं होतं. अप्पांनी म्हणे न विचारताच पुढे केलं. रात्री डेपोतल्या जुन्या दोस्ताला फोन झाला. तिकडून प्रश्न आला, कंडक्टर नाही तर फुकटे किती सापडत असतील? अप्पा म्हणाले, "फुकट्याला दंड शंभर पौंड. रुपयांत धा हजाराच्या वर जातंय. आरं, आपल्याला कधी यवढा फाडाय मिळाला का?"