भर उन्हातला पतंग

नमस्कार, श्रोतेहो.

पतंग म्हटलं की दिव्याभोवती घिरट्या आल्याच. पण आज ज्याच्याविषयी बोलायचंय, तो दिव्याकडे क्वचितच फिरकतो. याला हवं रणरणतं ऊन. इंग्रजीत नाव ब्यूटिफुल यलो अंडरविंग, शास्त्रीय नाव अनार्टा मिर्टिली. पंख पसरले तर जेमतेम अडीच सेंटिमीटर. वरचे पंख तांबूस-तपकिरी, मधोमध पांढरा ठिपका. खालचे पिवळेधमक, त्यांना काळी रुंद किनार. उडताना मात्र यातलं काही दिसत नाही. सर्रकन काहीतरी गेलं एवढंच कळतं.

इंग्लंडमध्ये सरे, डॉर्सेट या भागांत वाळूची, निकस, आम्लधर्मी माळरानं आहेत. त्यांना हीथ म्हणतात. तिथं हीदर नावाचं गुडघाभर झुडूप माजतं आणि ऑगस्टमध्ये सगळा माळ जांभळा होतो. आपल्या पतंगाची अळी मुख्यतः याच झुडपावर पोसते. हीदरची पानं इवलीशी, खवल्यांसारखी, डहाळीला चार ओळींत चिकटलेली. अळीचा रंगही तसाच हिरवा, वर पांढऱ्या-पिवळ्या खुणा अशा बेताच्या की अंगावर जणू तीच पानं उमटलीत! नुसत्या नजरेनं शोधत बसलात तर दुपार फुकट जाईल. जाणकार खाली कापड धरतात आणि झुडूप झटकतात. हिवाळा ती कोषात काढते.

आता गंमत पाहा. हे माळ माणसानंच केलेले. हजारो वर्षांपूर्वी जंगल तोडलं, गुरं चारली, जळणासाठी झुडपं कापली, म्हणून हीदर टिकलं. चराई थांबली की बर्च आणि पाइनची रोपं घुसतात, सावली पडते, हीदर मरतं. 1800 सालापासून इंग्लंडमधले सखल भागातले बहुतेक हीथ गेले. काहींवर शेती आली, काहींवर घरं, काहींवर लावलेली पाइनची जंगलं. त्यामुळे नुसतं कुंपण घालून माळ वाचत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. राखणारे लोक तिथं गुरं सोडतात, रोपं उपटतात, काही ठिकाणी हिवाळ्यात थोडा-थोडा तुकडा जाळतात. वेळ चुकली की तीच आग घात करते. 2020 च्या मे महिन्यात डॉर्सेटमधल्या वेअरहॅमच्या जंगलात आग भडकली आणि 200 हेक्टरांहून जास्त जंगल आणि हीथ जळालं. तोच या पतंगाचा उडण्याचा हंगाम.

लंडनला लेक-जावई असतील, तर त्यांना सांगा: मे-जूनमधली उन्हाची दुपार निवडा, सरेतला हीथ गाठा. पतंगामागे धावू नका. हीदरच्या एका झुडपापाशी थांबा आणि तो येऊन बसेपर्यंत हलू नका.