सावली कोणाची?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘सावलीच्या अंगणात हिरवळ आणि फुलं’. तुमच्यातले निम्मे एकच प्रश्न घेऊन आलेत, सावलीत कुठलं गवत येतं? उत्तर देणार आहे, पण आधी माझा उलटा प्रश्न: सावली कोणाची? भिंतीची की झाडाची?

हसा, पण बहुतेकांनी हे कधी तपासलेलं नसतं. ‘आमच्याकडे उजेड भरपूर आहे हो’, असं मला सांगतात. डोळ्यांच्या साक्षीवर जाऊ नका. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप; भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि या सभागृहात फार तर काहीशे. तरीही मागच्या रांगेत कोण पेंगतंय ते मला इथून स्पष्ट दिसतं. डोळा जुळवून घेतो, गवताला ती सोय नाही.

भिंतीच्या सावलीत ऊन अडतं, पण मोकळ्या आकाशाचा उजेड येत राहतो. तो कमी असतो, तरी झाडाच्या कामाचे रंग त्यात शाबूत असतात. झाडाच्या सावलीत मात्र वरची पानं निळा आणि लाल प्रकाश आधीच खाऊन टाकतात. खाली उरतो थोडा हिरवा, आणि लालच्याही पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा प्रकाश. उष्टा उजेड म्हणा.

यावरची माझी लाडकी गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही, हे संयोजकांना ठाऊक आहे. तरी त्यांनी बोलावलं. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला सरकारी कृषी संशोधन केंद्र आहे. तिथे बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांचे सहकारी लेट्यूसच्या बियांवर काम करत होते. भिजवलेल्या बीवर लाल प्रकाश टाकला की ती रुजायची. पाठोपाठ तो पलीकडचा लाल टाकला की रुजणं रद्द. पुन्हा लाल टाकला की पुन्हा तयार! असं कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी बी शेवटी पडलेल्या प्रकाशाचंच ऐकायची. हे त्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं. हा हिशेब ठेवणारं रंगद्रव्य १९५९ मध्ये तिथेच हाती लागलं. तेच फायटोक्रोम. म्हणजे आपल्यावर भिंत आहे की दुसऱ्याची पानं आहेत, हे रोपाला कळतं. टाचणीच्या डोक्याएवढ्या बीला कळतं, आपल्याला बागेवर एवढा खर्च करून कळत नाही!

वर पानं आहेत असं कळलं की गवत काय करतं? उंच पळतं. पाती लांब आणि लेची, फुटवे कमी, मुळं तोकडी. आणि आपण काय करतो? ते विरळ, फिकट दिसलं की आखूड कापतो आणि वर युरिया ओततो. यावर माझा खरा राग आहे. उजेडाअभावी साखर बनत नाही, असलेली साठवण युरियामुळे नवी पानं काढण्यात संपते. उपाशी माणसाला शर्यतीत पळवण्याचा हा प्रकार. मग बुरशी लागते, आणि दोष बियाणाला.

चिठ्ठी आली. बरं, आता भराभर.

गवत: हरळीला लख्ख ऊन लागतं, सावलीत तिचा नाद सोडा. सेंट ऑगस्टीन चारेक तासांच्या उन्हावर तग धरतं. थंड हवामानात बारीक पात्याचं फेस्क्यू. दाट छायेत यातलं काहीही टिकत नाही, स्पष्ट सांगतो. कापणी सात-आठ सेंटिमीटरच्या वर, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. नत्र, म्हणजे युरियातून मिळतं ते, नेहमीच्या निम्मं. पाणी सकाळी, खोलवर, पण रोज नको. झाडाच्या खालच्या फांद्या जपून उतरवल्या की तिरपं ऊन आत येतं. मुळांवर मातीचा थर मात्र चढवू नका. झाडाची अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, ती गुदमरतात.

फुलं: भिंतीच्या सावलीत बिगोनिया, टोरेनिया, इम्पेशन्स, सकाळचं ऊन मिळत असेल तर अबोली. झाडाखाली मुळांशी स्पर्धा असते, म्हणून कुंड्या ठेवा. पीस लिली, नेचे, कॅलेडियम चालतील. कॅलेडियमची पानंच इतकी रंगीत की फुलांची आठवण होत नाही. अगदीच हिरवा गालिचा हवा असेल तर मोंडो ग्रास लावा. ते गवत नाहीच, शतावरीच्या कुळातलं आहे, पण बघणाऱ्याला कुठे कळतंय! त्यावर खेळता मात्र येणार नाही.

एक प्रश्न घेतो. हं, शेवाळानं गवत मारलं का? नाही. गवत गेलं, जागा रिकामी झाली, तेव्हा शेवाळ आलं. नुसतं खरवडून काढाल तर ते परत येईल, कारण सावली, ओल आणि दबलेली माती तशीच आहे. हे बदलणं जमणार नसेल तर शेवाळ राहू द्या. ते कापावं लागत नाही आणि युरियाही मागत नाही.