माशांना मानवेल असा धबधबा

श्रोतेहो, नमस्कार. अंगणातल्या लहानशा कुंडावर दगड रचून त्यांवरून पाणी खेळवण्याची हौस आता अनेक घरांत दिसते. आज मी त्या धबधब्याविषयी माशांच्या बाजूने बोलणार आहे, कारण हे पाणी ओढ्यासारखे वाहून निघून जात नाही; पंप तेच पाणी दिवसरात्र फिरवत राहतो, आणि वाटेत ते ज्या ज्या वस्तूला शिवते तिचा अंश शेवटी माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोहोचतो.

माझ्या पहिल्या कुंडाच्या वेळी मी हे ध्यानात घेतले नव्हते. सिमेंटच्या कामावर सात दिवस पाणी मारले, आठव्या दिवशी कुंड भरले आणि सहा गोल्डफिश सोडले. संध्याकाळी ते वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. सकाळी एकही जिवंत नव्हता. पाण्यावर सायीसारखा पांढरट थर आला होता आणि बोट लावताच त्याचे पापुद्रे होत होते. तो सिमेंटमधून सुटलेल्या चुन्याचा थर होता. पाणी मारल्याने काम मजबूत होते, पण त्यातला मोकळा चुना संपत नाही. शेतकरी मातीचा सामू, म्हणजे ती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा pH आकडा, पाहतात, तसाच पाण्याचाही पाहावा लागतो. गोल्डफिशला साधारण 6.5 ते 8.5 सामू मानवतो. नव्या सिमेंटलगतच्या पाण्याचा सामू मात्र 11 च्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून कुंड आणि धबधबा भरून चार-पाच दिवस ठेवावा, ते पाणी काढून टाकावे, आणि कागदी पट्टीवर सामू सलग काही दिवस 8.5 च्या आत स्थिर दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. ही यातायात नको असेल, तर शेततळ्याला अंथरतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद कुंडाला आणि धबधब्याच्या पायऱ्यांखालीही सलग अंथरावा.

दगड आपला काळा पाषाणच उत्तम. संगमरवराचे तुकडे दिसायला देखणे असले, तरी तो चुनखडीचाच भाईबंद आहे. शंका असेल त्या दगडावर लिंबू पिळावे. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवावा. पाण्याच्या वाटेवर तांब्याची नळी किंवा पितळी तोटी मुळीच नको, कारण तांबे माशांना विषारी ठरते.

आता पंप. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल कुंडात सुमारे 1,350 लिटर पाणी मावते, आणि निदान दोन तासांत ते सगळे एकदा धबधब्यावरून फिरावे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचे नसतानाचा असतो, त्यामुळे धबधब्याच्या उंचीला पंप किती पाणी देतो ते दुकानदाराला विचारूनच घ्यावे. पंपाच्या तोंडाला स्पंजाची जाळी हवी, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात. आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगतो: पंप तळाशी न ठेवता विटांवर, तळापासून निदान एक फूट वर ठेवावा. धबधब्याचा एखादा दगड सरकून पाणी बाहेर झिरपू लागले, तर तळाशी ठेवलेला पंप रातोरात कुंड रिकामे करतो. उंचावरचा पंप मात्र माशांपुरते पाणी मागे ठेवतो. अर्थात पंप कोरडा पडला की तो लगेच बंद करावा लागतो. विजेच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका, हवाच, आणि तो माणसांसाठीही तितकाच आवश्यक आहे.

पाण्याची धार कुंडाच्या एका कडेला पडावी, म्हणजे दुसरी बाजू माशांना विसाव्यासाठी शांत राहते. रात्री पंप बंद करण्याची सवय मात्र सोडावी. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो; त्यात उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन दुकानात मिळणाऱ्या हायपोच्या खड्यांनी घालवावा, आणि आधी दोनच मासे सोडावेत. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतात तो अमोनिया पचवणारे जिवाणू धबधब्याच्या दगडांवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर खाद्य अगदी चिमूटभरच द्यावे. या दिवसांत पहाटे उठून कुंडापाशी जावे. मासे धारेखाली गोळा होऊन तोंड वर काढत असतील, तर एक तृतीयांश पाणी क्लोरीन घालवलेल्या पाण्याने बदलावे. ते शांत बाजूला खोल पाण्यात संथ फिरत असतील, तर आठवड्याने आणखी दोन सोडायला हरकत नाही.