गिलगालचा सातवा दिवस

जेरुसलेमच्या ईशान्येला, दहा-बारा किलोमीटरवर, ही घळ. दोन्ही अंगांना ताशीव कडे. बायबलच्या पहिल्या शमुवेल ग्रंथात त्यांची नावंसुद्धा दिली आहेत, बोसेस आणि सेने. पलीकडे मिखमाश, तिथे इस्राएलच्या शत्रूंचा, पलिष्ट्यांचा तळ. ६,००० स्वार. रथ हिब्रू प्रतीत ३०,०००, काही प्राचीन भाषांतरांत ३,०००. दुसरा आकडाच पटतो; स्वारांच्या पाचपट रथ कोण बाळगेल?

इस्राएलचा राजा शौल खाली यार्देन नदीच्या खोऱ्यात, गिलगालला आहे. सुरुवातीला त्याच्याकडे ३,००० निवडक माणसं होती. आता लोक गुहांत, झुडपांत, कोरड्या हौदांत दडताहेत, काही नदी ओलांडून पळालेत.

जे उरले त्यांच्याकडे शस्त्रं नाहीत. इस्राएलात लोहारच राहू दिलेला नाही. फाळ किंवा कुदळ पाजवायची तर पलिष्ट्यांकडे जायचं आणि एक ‘पिम’ मोजायचा. हा शब्द जुन्या भाषांतरकारांना उलगडला नव्हता. मग यहूदात घुमटाच्या आकाराचे, चिमुकले दगड सापडले, त्यांवर हीच अक्षरं कोरलेली. वजन साडेसात ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे शेकेल या जुन्या वजनाचा दोन तृतीयांश. एका फाळाला एवढी चांदी! तलवार आणि भाला फक्त शौलाकडे आणि त्याच्या मुलाकडे, योनाथानाकडे.

संदेष्टा शमुवेल याची शौलाला आज्ञा होती: सात दिवस थांब, मी येईन, होमबली मी अर्पीन, पुढे काय करायचं ते मी सांगेन. शौलाने दिवस मोजले; ‘मी येईन’ हे शब्द मागे पडले. सातव्या दिवशी त्याने स्वतःच होमबली अर्पिला.

होमबली म्हणजे काही घटकाभराचं काम नव्हे. बायबलच्या लेवीय पुस्तकात, पहिल्या अध्यायात दिलेली रीत पाहा. पशूच्या डोक्यावर हात ठेवायचा, वध करायचा, रक्त वेदीभोवती टाकायचं, कातडं सोलायचं, तुकडे करायचे, आतडी आणि पाय पाण्याने धुवायचे, लाकडं रचायची आणि सगळं जाळायचं. शांत्यर्पण या दुसऱ्या अर्पणाचे पशूही आणलेले होते, पण होमबली संपतो न संपतो तोच शमुवेल आला. वेदीपाशी घालवला तेवढा वेळ शौल नुसता बसून राहिला असता, तरी भागलं असतं.

त्याची कारणं खोटी नव्हती. लोक पांगत होते, शत्रू जमला होता, संदेष्टा आला नव्हता. तरी शमुवेलाने निकाल दिला: तुझं राज्य टिकणार नाही. शौलाने माणसं मोजली. ६००.

त्यानंतर योनाथान आणि त्याचा शस्त्रवाहक, दोघंच, हातापायांनी हा कडा चढले. अर्ध्या एकराच्या आत वीसेक पलिष्टी पडले आणि तळावर एकच गोंधळ उडाला. शौल आता गिबाला होता; तिथून त्याच्या पहारेकऱ्यांनी तो पाहिला. शौलाने अहीया याजकाला देवाचा कौल घ्यायला बोलावलं. कौल चालू असताना तिकडचा गलबला वाढत गेला, तसा शौल म्हणाला, “हात आवर.”