बटण दाबलं की आवाज जातो

(दृश्य: वडगावातली गल्ली. मागांची खटखट. माडीवरची खोली, टेबलावर उघडी डबी आणि वायरी.)

वडगाव म्हणजे बेळगावचा मागांचा भाग. इथल्या एका माडीवर एक मुलगा नव्यानं जोडलेलं पेडल गिटारला लावून बसलाय. ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे गिटारचा आवाज जाड आणि खरखरीत करणाऱ्या पेडलचं, किट आहे. छापील बोर्ड, रेझिस्टर, कपॅसिटर, एक आयसी, तीन नॉब, पायानं दाबायचं बटण आणि अ‍ॅल्युमिनियमची डबी. सोल्डरिंग संपलंय. बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि अ‍ॅम्पमधला आवाज जवळजवळ गेलाच. राहिली ती नुसती तुटक कुरकुर.

मुलानं सोल्डरिंग गन पुन्हा गरम करायला ठेवली. सगळे सांधे एकदा परत तापवायचे, असा त्याचा बेत. तेवढ्यात शेजारचे काका आले. काकांची हयात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेली.

"गन बंद कर आधी. आणि सांग, बटण बंद असताना गिटार वाजालंय काय?"

"वाजालंय की काका. खरं बटण दाबलं की जातंय."

"मग निम्मं काम झालं."

काकांचं हे म्हणणं शब्दशः खरं आहे. बटण बंद असताना सिग्नल बोर्डात शिरतच नाही. एका जॅकमधून येतो, बटणातून फिरून दुसऱ्या जॅकनं बाहेर पडतो. तो नीट वाजतोय, म्हणजे दोन्ही जॅक, केबल आणि बटणाची ती बाजू ठीक आहे. दिवा लागतोय, म्हणजे वीजही पोचतेय. उरला फक्त बोर्ड आणि त्याला जोडणाऱ्या वायरी. न तपासता सगळं तापवत सुटलं असतं तर चांगले सांधेही बिघडले असते. बोर्डावरची तांब्याची चकती जास्त तापली की सुटून वर येते, आणि मग खरी पंचाईत होते.

(दृश्य: बोर्ड जवळून. भिंगाखाली रेझिस्टरचे रंगपट्टे.)

पहिली तपासणी डोळ्यांची, तीही खिडकीपाशी. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी पट्टा सारखाच दिसतो. तपकिरी, काळा, लाल म्हणजे १ किलोओहम. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे १०. तिसरा पट्टा पिवळा असेल तर १००. एका रंगानं किंमत दहापट बदलते. मग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: अंगावर पट्टा असलेली बाजू उणे. सांधे चकचकीत आणि पायाला बिलगलेले हवेत. मळकट, दाणेदार गोळा दिसला तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न पकडलेला सांधा. इथं तसं काही सापडत नाही.

दुसरी तपासणी मीटरची. काळी पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या बाजूला, लाल पिन आयसीच्या एकेका पायावर. ४५५८ जातीच्या या आयसीला आठ पाय. आठव्यावर बॅटरीचे ९ व्होल्ट, चौथ्यावर शून्य, बाकी सहांवर निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास. बॅटरी एकच असल्यानं सिग्नलला वर-खाली हलायला जागा हवी, म्हणून त्याला मधोमध उभं करतात. आकडे बरोबर आले. आयसी संशयातून सुटला.

(दृश्य: काका जुन्या केबलचं टोक सोलतात.)

आता जे होतं, ते या कामातलं मला सर्वांत आवडणारं. काका एक जुनी गिटारची केबल घेतात, एक टोक कापतात आणि आतल्या तारेला १०४ छापलेला कपॅसिटर जोडतात. ०.१ मायक्रोफॅरडचा. बाहेरच्या जाळीला क्लिप लावून ती ग्राउंडला अडकवतात. दुसरं टोक अ‍ॅम्पमध्ये. कपॅसिटर बोर्डावरचे व्होल्ट अडवतो, आवाज तेवढा जाऊ देतो. झाला ऑडिओ प्रोब. अ‍ॅम्पचा आवाज आधी अगदी कमी.

धाकटी बहीण गिटारच्या मोकळ्या तारा छेडत राहते. प्रोब सिग्नलच्या वाटेनं एकेक पाऊल पुढं सरकतो. इनपुट जॅकवर आवाज आहे. बटणानंतर आहे. पहिल्या कपॅसिटरच्या पलीकडेही आहे. मग ट्रान्झिस्टर. आवाज ज्यातून बाहेर पडतो त्या त्याच्या पायावर प्रोब टेकताच तीच तुटक कुरकुर.

इथून तासाभराच्या अंतरावर नव्हे, पण फार लांबही नाही अशा मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावणारे कारागीर असंच करतात. घोडीवर कानस किंचित फिरवायची, दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं. आणि नातं इथंच संपत नाही. तार घोडीला घासून जाते तेव्हा मूळ स्वराच्या वरचे जादा स्वर, म्हणजे ओव्हरटोन, उमटतात. या पेडलमधले सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतात, लहरीचं डोकं सपाट करतात आणि तिथूनही नवे ओव्हरटोनच उमटतात. मार्ग वेगळे, पण भरदार आवाजाची हौस तीच.

(दृश्य: ट्रान्झिस्टर जवळून, नंबर वाचता येतो.)

ट्रान्झिस्टरच्या त्या पायावर दोन-तीन व्होल्ट तरी असायला हवेत. मीटर एक व्होल्टही दाखवत नाही. काका नंबर वाचतात: बीसी ५४७.

"हा किटातला नव्हे."

किटातल्या २एन३९०४ चा पाय तुटला होता, म्हणून मुलानं बाजारातून हा आणला. दुकानदारानं दिलेला पर्याय चुकीचा नाही, बीसी ५४७ इथं उत्तम चालतो. फक्त पायांचा क्रम उलटा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर २एन३९०४ चे डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. बोर्डावरची खूण पाहून बसवला की तो उलटाच बसतो. उलटा ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, अर्धवट काम करतो. कुरकुर त्याचीच.

सोल्डर पंपानं ओढून घेतला, ट्रान्झिस्टर अर्धा फेरा फिरवून बसवला. बहिणीनं तार छेडली आणि माडी दणाणली.

(दृश्य: डबी बंद होते. पुन्हा शांतता.)

पण डबीत बसवून झाकण आवळलं, की आवाज पुन्हा गायब. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये पाडलेली भोकं अगदी नेमकी आहेत, दोष त्यांचा नाही. नॉबच्या पोटेन्शिओमीटरची पाठ धातूची असते. जागा अपुरी पडली की ती बोर्डाच्या खालच्या टोकांना टेकते आणि सिग्नल ग्राउंडला जातो. उघड्यावर वाजणारं पेडल डबीत मुकं झालं, तर आधी हेच पाहावं. बोर्डाखाली आलेले पाय आखूड कापले, मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा सरकवला. वाजलं.

अ‍ॅडॉप्टरचं मात्र सांभाळावं. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन उणे. घरातल्या राउटरच्या अ‍ॅडॉप्टरची मधली पिन सहसा अधिक असते, व्होल्टही बऱ्याचदा १२. खोक्यावरची खूण वाचल्याशिवाय लावू नये. आणि ९ व्होल्टच्या पेडलवर मिळालेलं धैर्य काचेच्या नळ्यांच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर वापरू नये. त्यात शेकडो व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

झाकण कायमचं आवळण्याआधी काका मुलाला कागद आणायला सांगतात. वर बॅटरीचे व्होल्ट, कारण बाकीचे आकडे त्यावरच ठरतात. खाली आयसीचे आठ पाय, ट्रान्झिस्टरचे तीन, शेजारी बीसी ५४७ आणि 'फिरवून बसवला' अशी नोंद. कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला जातो. पुढच्या वेळी पेडल उघडणाऱ्याला मीटर कुठल्या आकड्याशी ताडायचा, ते तिथंच मिळेल.