38 लाख व्होल्टचा चढ

(पडदा काळा. मध्ये एक बारीक चमक, लगेच विझते. मग दुसरी.)

1909. मँचेस्टर विद्यापीठातली अंधारी खोली. हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आहेत. समोर झिंक सल्फाइडचा पडदा. अल्फा कण, म्हणजे रेडियमसारख्या पदार्थांतून वेगाने सुटणारा धनप्रभारी कण, आपटला की त्यावर अशी एक चमक उठते. तीच मोजायची, एकेक करून.

कण सोडलेत सोन्याच्या वर्खावर. बहुतेक आरपार जातात. हजारोंतला एखादा मात्र उलटा फिरतो. त्याला परतवलं कुणी?

1911 मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी उत्तर दिलं: अणूच्या मधोमध, बिंदूएवढ्या जागेत मोठा प्रभार एकवटलेला आहे.

(आलेख: लांबून हळूहळू चढत आलेली रेषा मध्याजवळ जवळजवळ उभी होते.)

बिंदूप्रभाराभोवतीचं विद्युत विभव पुस्तकात एका ओळीत उरकतं: प्रभार भागिले अंतर, गुणिले एक स्थिरांक. पण ही ओळ थांबून बघण्यासारखी आहे. विभव म्हणजे एक कूलोम धनप्रभार फार दुरून तिथवर आणायला लागणारं कार्य. अंतर निम्मं केलं की विभव दुप्पट होतं. दुप्पटच, चौपट होतं ते बल. इथे भल्याभल्यांची गल्लत होते.

आता सोन्याचं केंद्रक घ्या, म्हणजे अणूच्या मधोमध प्रभार एकवटलेली ती जागा. 79 प्रोटॉन. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर. केंद्रकापासून 120 फेम्टोमीटरवर विभव साडेनऊ लाख व्होल्ट. 60 वर 19 लाख. 30 वर 38 लाख! पार दुरून 60 पर्यंत येताना जेवढा चढ चढला, तेवढाच पुन्हा शेवटच्या 30 फेम्टोमीटरमध्ये.

अल्फा कणावर दोन प्रोटॉनांचा प्रभार असतो. एका प्रोटॉनाएवढा प्रभार एक व्होल्ट चढायला लागणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणून त्याला इथवर यायला 76 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. रेडियमच्या कुळातल्या वेगवान अल्फा कणांकडे असते जेमतेम 77 लाख. नेम अगदी मध्यावर असला, तर 30 च्या जरा आत कणाचा वेग शून्य होतो. क्षणभर थांबतो, आणि आल्या वाटेने उतरू लागतो. चढताना खर्चलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उतरताना त्याला परत मिळते.

(चमक. अंधार.)

तो कण कशावर आदळलाच नव्हता. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या आहे साधारण 7 फेम्टोमीटर. त्याचा काठ अजून वीसेक फेम्टोमीटर पुढे होता.